बंद करता न आलेले प्रदर्शन : डिस्ट्रिक्ट सिक्स संग्रहालयातील लोकसहभागाचा प्रकरण अभ्यास

१० डिसेंबर १९९४ रोजी दक्षिण आफ्रिकेतील केप टाउन शहरात, ब्युटेनकांट रस्त्यावरच्या एका जुन्या मेथडिस्ट चर्चमध्ये, एक प्रदर्शन सुरू झाले. त्याचे नाव ‘स्ट्रीट्स’, म्हणजे रस्ते, आणि मुदत दोन आठवड्यांची. मांडणीही दोन आठवड्यांना साजेशीच होती : जमिनीवर अंथरलेला, हाताने रंगवलेला एक भलामोठा नकाशा, वरून टांगलेल्या रस्त्यांच्या जुन्या पाट्या, काही छायाचित्रे, आणि येणाऱ्याने आपले नाव लिहावे म्हणून ठेवलेले साधे सुती कापड. बाजारात किंमत येईल असे त्यात जवळपास काहीच नव्हते. दोन आठवडे उलटले, माणसे येतच राहिली आणि ज्यांनी ते भरवले होते त्यांना ते उतरवता येईना. डिस्ट्रिक्ट सिक्स ही वर्णभेदाच्या राजवटीत सक्तीने रिकामी करून पाडलेली केप टाउनमधली वस्ती; नकाशा आणि पाट्या तिच्याच होत्या. आज डिस्ट्रिक्ट सिक्स संग्रहालय म्हणून जी संस्था ओळखली जाते ती या न उतरवलेल्या प्रदर्शनातून उभी राहिली.

संग्रहालये आणि लोकसंस्था आपल्या सार्वजनिक कार्यक्रमांत कल्पकता कशी आणावी याचा विचार करू लागतात तेव्हा बोलणे बहुधा साधनांभोवती फिरते. अभिप्रायाच्या चिठ्ठ्यांची भिंत असावी की रंगकामाचा कोपरा, कार्यशाळा घ्यावी की पदभ्रमण, मुलांसाठी काय, ज्येष्ठांसाठी काय, याच्या याद्या होतात. डिस्ट्रिक्ट सिक्सची साधने अशा यादीत सहज बसतात आणि जमिनीवरचा नकाशा व नावांचे कापड यांच्या नकला अनेक ठिकाणी झाल्याही आहेत. परंतु नकलेत जे उतरत नाही तेच या प्रकरणात महत्त्वाचे आहे असे मला वाटते. इथे आलेल्या माणसाने जे दिले, मग ते नाव असो, आठवण असो किंवा पाककृती, ते संस्थेने प्रतिसाद म्हणून मोजले नाही, तर ठेव म्हणून स्वीकारले. ठेव घेतली की ती सांभाळावी लागते, मागायला आलेल्याला दाखवावी लागते आणि कधी कधी तिच्यासाठी भांडावेही लागते. पुढचे विवेचन या ठेवीच्या जबाबदारीचे आहे.

वस्ती आणि तिची मोकळी जमीन

डिस्ट्रिक्ट सिक्स हे नाव १८६७ मधले, शहराचा सहावा नगरपालिका विभाग एवढ्याच कोरड्या अर्थाचे. बंदराजवळच्या या उतारावर मुक्त झालेल्या गुलामांची कुटुंबे, कारागीर, मजूर, व्यापारी आणि देशोदेशींचे स्थलांतरित दाटीवाटीने राहत. ११ फेब्रुवारी १९६६ रोजी, कोणत्या वर्णाच्या माणसांनी कुठे राहायचे ते ठरवणाऱ्या १९५० च्या ‘ग्रुप एरियाज’ कायद्याखाली, हा भाग केवळ गोऱ्यांसाठी असल्याचे जाहीर झाले. १९८२ पर्यंत ६०,००० हून अधिक माणसांना तिथून उठवून शहराबाहेरच्या केप फ्लॅट्स या सपाट, वालुकामय भागात नेऊन टाकण्यात आले. वर्णानुसार वस्त्या वेगळ्या असल्याने शेजारीपाजारी तर तुटलेच, काही कुटुंबेही विभागली गेली. घरे बुलडोझरने पाडली. चर्च, मशिदी आणि काही शाळा तेवढ्या उभ्या राहिल्या. भागाचे नाव बदलून झोनेब्लूम करण्यात आले आणि जमिनीच्या मोठ्या तुकड्यावर एका तंत्रशिक्षण संस्थेचे संकुल उभे राहिले. बरीचशी जमीन मात्र वर्षानुवर्षे उघडी पडून होती, कारण बदनाम झालेल्या या जमिनीवर बांधायला फारसे कोणी पुढे आले नाही.

त्या मोकळ्या जमिनीवर पुनर्विकास होऊ घातला तेव्हा १९८७ मध्ये ‘हँड्स ऑफ डिस्ट्रिक्ट सिक्स’ ही मोहीम उभी राहिली. इथल्या वस्तीच्या स्मृतीसाठी संग्रहालय असावे हा विचार याच मोहिमेतून आला आणि १९८९ मध्ये त्यासाठी प्रतिष्ठान स्थापन झाले. क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. इतरत्र बहुधा आधी संग्रह असतो, मग इमारत, त्यानंतर कर्मचारी आणि सगळ्यात शेवटी, अंदाजपत्रकात काही उरलेच तर, लोकांसाठी कार्यक्रम. इथे आधी लोक होते आणि त्यांची मागणी होती. संग्रह नव्हता, इमारतही नव्हती. जे चर्च मिळाले त्याचे भाविकही स्थलांतराने पांगलेले होते. त्याच चर्चच्या बाहेरच्या भिंतीवर १९७१ मध्ये लावलेला एक फलक येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता की कातडीच्या रंगामुळे कायद्याने घराबाहेर काढलेल्या हजारो माणसांची लाज बाळगून आठवण ठेवा. म्हणजे वास्तू रिकामी असली तरी मुकी नव्हती.

पायाखालचा नकाशा

‘स्ट्रीट्स’ची संकल्पना आणि मांडणी यांमागे चित्रकार पेगी डेलपोर्ट यांचा मोठा वाटा होता. नकाशा भिंतीवर लावण्याचा सोपा मार्ग उपलब्ध असताना तो जमिनीवर अंथरणे हा मला या संपूर्ण प्रकरणातला सर्वांत फलदायी निर्णय वाटतो, म्हणून त्यावर थोडे थांबतो. भिंतीवरच्या नकाशासमोर माणूस प्रेक्षक म्हणून उभा राहतो आणि त्याच्या शेजारी छडी घेतलेला जाणकार आपोआप येतो. जमिनीवरच्या नकाशात माणूस नकाशाच्या आतच उभा असतो. त्याला आपला रस्ता शोधण्यासाठी चालावे लागते, वळावे लागते, वाकावे लागते, आणि घराची जागा सापडली की नाव लिहिण्यासाठी गुडघे टेकावे लागतात. पाडलेल्या वस्तीत पुन्हा एकदा चालण्याची ती एकमेव जागा होती, कारण बाहेर, खऱ्या जमिनीवर, ते बहुतेक रस्ते उरलेच नव्हते.

नकाशावर लोकांनी कुटुंबाची नावे लिहिली, घर कुठे होते ते दाखवले, दुकाने आणि अड्डे नोंदवले. मूळ नकाशा सर्वेक्षकाच्या नजरेतला होता; त्यात रस्ते होते, माणसे नव्हती. त्यावर हाताने लिहिलेल्या नावांची दाटी होत गेली तसतसा तो वेगळाच दस्तऐवज झाला. शिवाय एकाच चौकात दोन अनोळखी माणसे वाकलेली असली की बोलणे सुरू होणारच. तुम्ही कुठले, कोपऱ्यावरचे घर कोणाचे, जिना कुठल्या बाजूला होता, अशा चौकशांतून पंचवीस-तीस वर्षांपूर्वी ताटातूट झालेल्या शेजाऱ्यांच्या भेटी या नकाशावर झाल्या. संवाद घडवून आणण्यासाठी तिथे कोणी सूत्रसंचालक नेमावा लागला नाही. मांडणीच सूत्रसंचालन करीत होती.

नकाशाच्या वर टांगलेल्या पाट्यांची कथा वेगळी आणि अधिक अवघड आहे. रस्त्यांच्या नावांच्या या मूळ पाट्या पाडकामावर देखरेख करणाऱ्या एका माणसाकडे होत्या. त्या नष्ट करायच्या असताना त्याने त्या वर्षानुवर्षे जपून ठेवल्या आणि पुढे त्या संग्रहालयाला मिळाल्या. ज्याच्या देखरेखीखाली घरे पडली त्याच्याच हातून घरांचा पत्ता सांगणारी एकमेव वस्तू वाचली, ही गोष्ट कोणत्याही सोप्या कथेत बसत नाही. संस्थेने त्याला खलनायक म्हणून उभे केले नाही आणि त्याच्या हळुवारपणाचे गोडवेही गायले नाहीत. पाट्या टांगल्या, त्या कशा मिळाल्या ते सांगितले, आणि बाकी विचार पाहणाऱ्यावर सोपवला. लोकसहभागाच्या कार्यक्रमांत ‘आपली माणसे’ कोण याची रेघ फार लवकर ओढली जाते. ती थोडी उशिरा ओढली तर काय मिळू शकते याचे हे उदाहरण आहे.

कापड आणि सुई

आता नावांच्या कापडाकडे वळू. येणाऱ्या माजी रहिवाशाने, आणि नंतर कोणत्याही पाहुण्याने, शाईच्या पेनाने कापडावर नाव आणि मनात आले ते लिहायचे, एवढीच कल्पना. अभिप्रायवहीचे ते मोठे रूप म्हणता येईल. फरक इथून पुढे सुरू होतो. शाई विटते, कापडावर तर लवकरच विटते. म्हणून लिहिलेल्या अक्षरांवरून दोऱ्याने भरतकाम करण्याचे काम हाती घेतले गेले. एका माणसाने दोन मिनिटांत लिहिलेली ओळ दुसऱ्या माणसाने तासभर बसून, त्याच वळणाने, त्याच चुकांसह, टाक्याटाक्याने पुन्हा लिहायची. कापडाची लांबी वाढत वाढत एक किलोमीटरच्या पुढे गेली.

कार्यक्रमाची आखणी करणाऱ्यांनी या हिशेबाकडे नीट पाहावे. लिहून घेण्याचा खर्च पेनाएवढा आहे. लिहिलेले टिकवण्याचा खर्च त्याच्या कितीतरी पट आहे, आणि तो कोणत्याही उद्घाटन समारंभात दिसत नाही. चिठ्ठ्यांच्या भिंती आज सर्वत्र आढळतात. प्रदर्शन संपल्यावर त्या चिठ्ठ्यांचे काय होते असे विचारले तर उत्तर बहुधा ओशाळवाणे असते : छायाचित्र काढून ठेवले, काही निवडक वाक्ये अहवालात घेतली, बाकी टाकून दिल्या. यात लबाडी असते असे नाही, पण ज्याने लिहिले त्याला न सांगितलेली एक गोष्ट त्यात असते, ती म्हणजे त्याचे लिहिणे त्या संध्याकाळपुरतेच हवे होते. डिस्ट्रिक्ट सिक्समधल्या माणसांच्या बाबतीत असे करणे क्रूर ठरले असते, कारण आपली नोंद पुसली जाण्याचा अनुभव त्यांनी एकदा घेतलाच होता. सुईचे काम हे जतनाचे तंत्र म्हणून फार मोठे नाही. पण कोणीतरी आपले नाव वाचत, त्यावरून बोट फिरवत, ते शिवत बसले होते, ही गोष्ट लिहिणाऱ्याला कळत असे, आणि पुढच्या माणसाने अधिक मोकळेपणाने लिहावे यासाठी तेवढे पुरेसे होते.

प्रदर्शनाला लागलेले दाव्याचे टोक

या प्रकरणाला एक कायदेशीर बाजू आहे आणि तिच्याशिवाय ते अर्धवट राहील. भूमिहक्क पुनःस्थापनेचा १९९४ चा कायदा २ डिसेंबर १९९४ पासून अमलात आला, म्हणजे प्रदर्शन उघडण्याच्या अवघे आठ दिवस आधी. वर्णभेदी कायद्यांमुळे ज्यांची जमीन किंवा घर गेले त्यांना, भाडेकरूंसह, दावा करण्याचा मार्ग त्याने खुला झाला आणि दाव्यांसाठी ३१ डिसेंबर १९९८ ही अंतिम तारीख ठरली. त्यामुळे नकाशावर घर शोधणाऱ्या माणसाच्या बोटाला दुहेरी अर्थ आला. तो आठवण नोंदवत होता आणि त्याच वेळी आपण इथे राहत होतो असे जाहीर म्हणतही होता. नकाशावरचे नाव म्हणजे न्यायालयीन पुरावा नव्हे. परंतु आपण एकटे नाही आणि शेजारी अजून हयात आहेत, हे समजणे दाव्याच्या कागदपत्रांइतकेच मोलाचे होते.

जमीन मूळ रहिवाशांना परत न देता तिचा एकत्रित पुनर्विकास करणे सार्वजनिक हिताचे आहे, अशी भूमिका घेऊन कायद्याच्या ३४ व्या कलमाखाली अर्ज करण्यात आला होता. त्याबाबत भूमी दावे न्यायालयाची बैठक १९९७ मध्ये याच संग्रहालयात भरली. या प्रसंगाचे महत्त्व प्रतीकापुरते नाही. एरवी न्यायालयाच्या दालनात दावेदार परका असतो आणि न्यायाधीश घरचा. इथे ते उलटे झाले. १९९८ मध्ये सामंजस्याच्या मसुद्यावर सह्या झाल्या आणि नोव्हेंबर २००० मध्ये जमीन दावेदारांकडे सोपवण्याचा समारंभ राष्ट्राध्यक्ष थाबो म्बेकी यांच्या उपस्थितीत झाला. सगळे श्रेय संग्रहालयाचे नाही, त्यामागे दावेदारांची स्वतंत्र संघटना आणि वकिलांचे काम होते. पण ज्या संस्थेने लोकांची नावे ठेव म्हणून घेतली होती, तिला आता तटस्थ राहणे शक्य नव्हते आणि ती राहिलीही नाही. आपला कार्यक्रम लोकांना इतका जवळचा वाटावा असे प्रत्येक आयोजक म्हणतो. तसा तो झाल्यावर लोक आपल्याकडून काय मागतील याची तयारी मात्र क्वचितच कोणी करून ठेवतो.

कायद्याला न दिसणारे १९०१

याच कायद्याने एक मर्यादाही दाखवून दिली. १९ जून १९१३ नंतर झालेल्या बेदखलीसाठीच त्याखाली दावा करता येत होता. डिस्ट्रिक्ट सिक्समधून पहिले सक्तीचे स्थलांतर मात्र त्याच्या बारा वर्षे आधी, १९०१ मध्ये, प्लेगच्या साथीचे निमित्त करून झाले होते, आणि ते कृष्णवर्णीय आफ्रिकी रहिवाशांचे होते. हॉर्स्टली रस्ता हे त्यातले ठळक ठिकाण. त्यानंतरही काही आफ्रिकी कुटुंबे वस्तीत राहत होती, परंतु लोकांच्या बोलण्यातले डिस्ट्रिक्ट सिक्स हळूहळू मिश्रवर्णीय मानल्या गेलेल्या समाजापुरते उरू लागले. आठवणींचा संग्रह जितका उत्स्फूर्त, तितका तो जे लोक येतात त्यांच्या बाजूला झुकतो. दार सर्वांना उघडे आहे असे म्हणून भागत नाही. ज्याला आपली आठवण इथे चालेल की नाही याची शंका आहे तो दारापर्यंत येतच नाही.

१९९९ मध्ये इमारतीच्या दुरुस्तीसाठी संग्रहालय काही काळ बंद झाले आणि २००० मध्ये ‘डिगिंग डीपर’, अर्थात अधिक खोल खणताना, या नावाने नवी मांडणी उघडली. रस्त्यांवरून ती घरांच्या आत शिरली. वस्तीत वाढलेल्या, आफ्रिकी कुटुंबातल्या एका लेखिकेच्या आठवणींवरून एक खोली जशीच्या तशी उभी करण्यात आली : एकच खोली, तिच्यातच स्वयंपाक, झोपणे, अभ्यास, पाहुणे. ध्वनिमुद्रित आठवणी ऐकण्याच्या जागा केल्या गेल्या. लोकप्रिय झालेले, माणसांनी भरलेले आणि देणगीदारांना आवडलेले प्रदर्शन सोडून नवे करायला धैर्य लागते, कारण आहे ते चालते आहे असे म्हणणारे नेहमी बहुमतात असतात. जमिनीवरचा नकाशा, पाट्या आणि कापड राहिले. परंतु त्यांच्याभोवती आता असे प्रश्न मांडले गेले जे पहिल्या भेटीच्या उमाळ्यात कोणी विचारले नसते. वस्तीत दारिद्र्य होते, मोडकळीला आलेली घरे आणि दुरुस्ती न करणारे घरमालक होते, गुंडांच्या टोळ्या होत्या. सगळे गुण्यागोविंदाने राहत होते या चित्राला वर्णभेदाविरुद्धच्या लढ्यात राजकीय ताकद होती हे मान्य करूनही, संग्रहालयाने ते चित्र पुन्हा तपासायला घेतले ही गोष्ट मला सहभागाच्या पुढची पायरी वाटते. लोकांनी दिलेले जपणे आणि लोकांनी दिलेले तपासणे ही दोन्ही कामे एकाच संस्थेला करावी लागतात आणि ती एकमेकांना अडचणीची असतात.

सांगणाऱ्यावर पडणारा भार

संग्रहालयात मार्गदर्शक म्हणून माजी रहिवासीच पाहुण्यांशी बोलत असत. पाठ केलेली माहिती नव्हे, तर नकाशावरच्या आपल्या घराजवळ उभे राहून सांगितलेली स्वतःची हकिगत. या पद्धतीची वाहवा पुष्कळ झाली आहे आणि ती योग्यही आहे. संशोधकाच्या माहितीला न येणारे वजन त्या बोलण्याला येते. मात्र वाहवा करताना एक बाब नजरेआड होते. आपले घर पाडले गेल्याची हकिगत आयुष्यात दहा-वीस वेळा सांगणे निराळे, आणि पर्यटकांच्या एकामागून एक येणाऱ्या गटांना रोज सांगणे निराळे. रोज सांगितलेल्या आठवणीला एक ठरलेला आकार येतो, हशाच्या जागा ठरतात, गहिवराच्या जागाही ठरतात. सांगणारा माणूस आपल्याच आयुष्याचा निवेदक होऊन बसतो. शिवाय ऐकणाऱ्यांत परदेशी पाहुण्यांचे प्रमाण मोठे, आणि तिकिटाचे उत्पन्न त्यांच्याकडूनच येणार. म्हणजे ज्यांच्यासाठी संस्था उभी राहिली ते सांगण्याच्या कामावर, आणि ज्यांच्यासाठी ती उभी राहिली नव्हती ते खर्च चालवण्याच्या कामावर, अशी विचित्र विभागणी होते. कोणाची चूक नसतानाही हे घडते. त्यावर नेमका उपाय मला सांगता येणार नाही, पण स्वानुभव सांगणाऱ्या मार्गदर्शकांवर कार्यक्रम उभा करणाऱ्याने त्यांना न सांगण्याचा दिवसही द्यावा, एवढे तरी मी आग्रहाने म्हणेन.

‘हेइस कोम्बेइस’, म्हणजे घरचे स्वयंपाकघर, या उपक्रमाकडे या पार्श्वभूमीवर पाहिले की त्याची हुशारी लक्षात येते. ज्येष्ठ माजी रहिवासी, त्यांत स्त्रिया अधिक, एकत्र बसून डिस्ट्रिक्ट सिक्समधल्या घरांतले पदार्थ आठवत, त्यांच्या कृती सांगत आणि त्या कापडावर भरतकामाने उतरवत. पुढे २०१६ मध्ये त्यांचे पाककृतींचे पुस्तकही निघाले. इथे श्रोता पर्यटक नव्हता. श्रोता शेजारी बसलेली बाई होती, जिला तो पदार्थ माहीत होता आणि जी मधेच अडवून आमच्याकडे असे नव्हते असे म्हणू शकत होती. हात सुईत गुंतलेले असल्याने बोलण्यावर ताण नव्हता, गप्प राहिले तरी चालत होते. कोणालाही दुःख सांगायला बसवले नव्हते. तरीही कोण कोणाकडे काय पाठवत असे, कोणत्या सणाला कोणाच्या दारात गर्दी होई, घरात किती माणसे आणि चूल किती लहान, हे सगळे त्यातून आले, आणि स्थलांतराविषयी थेट प्रश्न विचारून मिळाले असते त्यापेक्षा अधिक बारकाईने आले. नावांच्या कापडावर संस्थेने लोकांचे शब्द शिवले होते. इथे लोक स्वतःचे शब्द स्वतः शिवत होते. पंधरा-वीस वर्षांत पद्धत कुठून कुठे गेली ते या एका फरकात दिसते.

भिंतीबाहेर

चर्चबाहेरचे कार्यक्रम थोडक्यात सांगतो. सप्टेंबर १९९७ मध्ये उघड्या जमिनीवर एक शिल्पमहोत्सव झाला. अनेक कलावंतांनी तिथेच सापडलेल्या वस्तूंतून कलाकृती केल्या, त्यांतल्या बहुतेक टिकण्यासाठी नव्हत्याच. दरवर्षी ११ फेब्रुवारीला माजी रहिवासी संग्रहालयापासून जुन्या वस्तीच्या जागेपर्यंत चालत जातात आणि तिथे रचलेल्या दगडांच्या राशीवर दगड ठेवतात. या पदयात्रेत भाषणे कमी, चालणे जास्त, आणि मला ते योग्य वाटते. १९९९ मध्ये स्थापन झालेल्या, स्मृतिस्थळांच्या आंतरराष्ट्रीय आघाडीचे संग्रहालय संस्थापक सदस्य होते. त्यामुळे या पद्धतीची ओळख जगभर झाली, आणि तिच्या नकलाही.

२००३ मध्ये शहराच्या ग्रीन पॉइंट भागात बांधकामाच्या खोदाईत वसाहतकालीन गरिबांच्या आणि गुलामांच्या दफनाचे शेकडो सांगाडे उघडे पडले तेव्हाही संग्रहालयाची माणसे त्याविषयीच्या चळवळीत उतरली. तिथे डिस्ट्रिक्ट सिक्सचे कोणी पुरलेले होते की नाही हा मुद्दाच नव्हता. ज्यांच्या बाजूने बोलायला वारस सापडत नाहीत त्यांच्या बाजूने बोलणे हे आपल्या कामात मोडते, असे या संस्थेने ठरवले होते. संग्रहालयाच्या कक्षेची व्याख्या संग्रहावरून न करता लोकांशी असलेल्या नात्यावरून केली, तर असे निर्णय घेणे सोपे जाते. निधी मिळवणे मात्र अवघड होते, कारण देणगीदाराला इमारत आणि वस्तू दाखवता येतात, नाते दाखवता येत नाही. २०२० मध्ये साथीमुळे पर्यटक थांबले आणि तिकिटाचे उत्पन्न आटले, तेव्हा संग्रहालयावर मदतीचे जाहीर आवाहन करण्याची वेळ आली. परदेशी पाहुण्यांवर टेकलेल्या आर्थिक गणिताचा धोका त्या वर्षी सर्वांना दिसला.

परतलेले आणि न परतलेले

११ फेब्रुवारी २००४ रोजी, वस्ती गोऱ्यांसाठी जाहीर झाल्याला बरोबर ३८ वर्षे झाली त्या दिवशी, ८७ आणि ८२ वर्षांच्या दोन माजी रहिवाशांना नव्या घरांच्या किल्ल्या नेल्सन मंडेला यांच्या हस्ते देण्यात आल्या. त्यानंतर घरांचे काम अतिशय संथ चालले. अनेक दावेदार वाट पाहत असतानाच गेले. संग्रहालयापुढचा पेच इथे बदलतो. ज्यांनी नकाशावर स्वतःच्या हाताने नाव लिहिले ती पिढी संपत आली आहे, आणि त्यांच्या नातवंडांना जे आठवते ते आजी-आजोबांचे सांगणे आहे, रस्ता नव्हे. त्यांना नकाशावर गुडघे टेकायला सांगणे थोडे खोटे ठरते. त्यांच्यासाठी प्रश्न ‘आमचे घर कुठे होते’ हा नसून ‘परत गेल्यावर आमचे शेजारी कोण असतील’ हा आहे, आणि त्याचे उत्तर १९६६ पूर्वीच्या नकाशात सापडणार नाही.

नवी घरे जुन्या घरांच्या जागी उभी राहू शकलेली नाहीत, कारण त्या जागांवरून आता दुसरे रस्ते जातात किंवा महाविद्यालयाच्या इमारती उभ्या आहेत. किल्ली मिळालेला माणूस ज्या पत्त्यावर परततो तो त्याचा पत्ता नसतो. झोनेब्लूम हे लादलेले नाव काढून डिस्ट्रिक्ट सिक्स हे नाव अधिकृतपणे परत लावण्याचा निर्णय २०१९ च्या अखेरीस जाहीर झाला. रस्त्यांच्या मूळ पाट्या तोवर पंचवीस वर्षे चर्चमध्ये टांगलेल्या होत्या, आणि त्यांतल्या अनेक पाट्या परत नेऊन लावायच्या म्हटल्या तर तो रस्ता बाहेर नाही.